अक्षता टाकल्या पण लक्ष फोनकडंच

सोलापूर, अक्षतांचा दिवस, रात्री साडेअकरा

झोप येईना म्हणून लिहितोय. दुपारी आप्पांसोबत सिद्धेश्वर यात्रेतल्या देवाच्या लग्नाला सम्मती कट्ट्यावर गेलो, पाच वर्षांनी, मानाच्या सात काठ्या (नंदीध्वज) आल्या, जिकडं बघावं तिकडं पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नाही, सम्मती, म्हणजे त्या लग्नाच्या मंगलाष्टका, वाचायला लागले तसं सगळ्यांचे हात वर. मी पण अक्षता टाकल्या. पण मधे तीन वेळा फोन काढून बघितला, मालकाचा मेल आला का म्हणून. आप्पांनी बघितलं, बोलले काहीच नाहीत.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ट्रकच्या गॅरेजात डिझेल मेकॅनिक म्हणून 482 व्हिसावर, म्हणजे मालकाच्या स्पॉन्सरशिपवरच्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, तीन वर्षं झाली. दोन वर्षं भरली की मालक 186 या कायमच्या व्हिसासाठी माझं नाव पाठवू शकतो, त्याला नॉमिनेशन म्हणतात, म्हणजे पीआरचा, तिकडं कायम राहण्याचा, रस्ता. पण नॉमिनेशन त्यानं टाकायचं, त्याची लेव्ही, म्हणजे सरकारी आकार, पण त्यानंच भरायची, कायद्यानं माझ्याकडून घेता येत नाही. माझा अर्ज त्या नॉमिनेशनला बांधलेला, ते गेलं की माझंही गेलं. माणूस वाईट नाही, पगार वेळेवर देतो, यात्रेला म्हटल्यावर लगेच सुट्टी दिली. फक्त "पुढच्या महिन्यात बघू" हे वर्षभर चाललंय. आणि या वर्षभरात मी शनिवारच्या जादा कामाला एकदाही नाही म्हटलो नाही, पगारवाढ मागितली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी असा नव्हतो.

माझं वय 41. 45 च्या आत अर्ज लागतो.

रात्री जेवताना, बाजरीची भाकरी आणि शेंगा चटणी, आप्पा म्हणाले, "का बे, लिहून दिलाय का त्यानं काही?" म्हटलं नाही, तोंडी आहे सगळं. आप्पांनी मिलमध्ये बावीस वर्षं काढली, एक दिवस गेटवर नोटीस लागली, मग प्रॉव्हिडंट फंडासाठी किती हेलपाटे घातले ते मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय, सायकलीवर मागं बसून मीच जायचो. म्हणाले, "माणूस चांगला असला तरी कागद माग. मागण्यात लाज कसली."

नियम आता थोडे बरे झालेत. 1 जुलै 2024 पासून काम सुटलं तर दुसरा स्पॉन्सर शोधायला 180 दिवस मिळतात, आधी 60 होते. 7 डिसेंबर 2024 पासून दोन वर्षं एकाच मालकाकडं भरायची अट पण नाही, मान्यताप्राप्त स्पॉन्सर कुणीही चालतो. म्हणजे माझी तीन वर्षं वाया जात नाहीत, दुसरीकडं गेलो तरी. हे मला चार महिन्यांपूर्वीच कळलेलं, तरी घाबरून गप्प बसलो. नवा मालक तरी लगेच नॉमिनेट करेल याची खात्री कोण देणार, हीच भीती, अजून पण आहे.

मेल लिहिलाय. नॉमिनेशन कोणत्या तारखेला टाकणार ते लेखी कळवा, एवढंच. शनिवारचं काम, पगार, काही घातलं नाही, एका वेळी एकच मागायचं.

तिकडं सकाळी सातला गॅरेज उघडतं, म्हणजे इकडं रात्री दीड. तेव्हा पाठवणार. आप्पांच्या खोलीतला दिवा पण अजून चालूच आहे.