तुम्ही विचारलंत म्हणून: मैदान सोडून खुर्चीत का बसलो

"सर, एवढे चांगले कोच होतात, ऑफिसात कशाला गेलात?" कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, लग्नात, चहाच्या गाड्यावर हेच विचारतात. विचारणारे बहुतेक माझेच जुने खेळाडू, म्हणून एकदा नीट सांगतो.

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा मी मानधनावरचा कोच. पहाटेचं मैदान तेवढं माझं. किट कधी येणार, प्रवासभत्ता किती, हे जिमखाना समिती ठरवायची आणि त्या बैठकीला मला बोलावणं नसायचं. मलाही जायची गरज वाटत नव्हती. मॅच मैदानात जिंकायची असते, असं मी पोरांना छातीठोकपणे सांगायचो.

मग आमच्या सेंटर हाफचा गुडघा गेला. आपल्याकडे कॉलेजचा पोरगा आधी पेठेचा असतो. पेठेपेठेतल्या तालमींच्या, म्हणजे मंडळांच्या, स्वतःच्या फुटबॉल टीम असतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. जर्सी पहिली ती. हाही तालमीच्याच मॅचमध्ये पडला. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटल्याचं निघालं. ऑपरेशनसाठी जिमखाना निधीतून मदत मिळावी म्हणून मी अर्ज केला. एका ओळीचं उत्तर आलं: दुखापत महाविद्यालयीन स्पर्धेत झालेली नाही. नियमावर बोट ठेवलं तर बरोबर होतं. पण त्याच हंगामात, तोच गुडघा दुखत असताना, तो विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत आमच्यासाठी खेळला होता. त्या दुखण्याची नोंद दाखवा म्हणाले. नोंद कुठून दाखवणार? तशी वहीच कॉलेजात नव्हती. शेवटी तालमीनं वर्गणी काढली. दवाखान्यात त्याचे वडील मला म्हणाले, "सर, आमचं पोरगं कॉलेजचं न्हवं व्हय?" मला काही बोलता आलं नाही. पोरगा पुढे खेळला, पण त्या पायावर पहिल्यासारखा वळला नाही.

एम.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, झालेलीच होती. सेट ही पात्रता परीक्षा पास झालो, कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची जागा निघाली, अर्ज केला. पगारासाठी गेलो म्हणता? पगारासाठीही गेलो. मानधनावर घर चालत नाही, यात लपवण्यासारखं काय आहे? आज दुखापतीची नोंदवही आहे. हंगामाआधी प्रत्येकाचा अपघात विमा उतरवतो, मॅच कॉलेजची असो की पेठेची. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, तिथे नावातल्या एका अक्षरापायी पोरांना हेलपाटे पडतात. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र मी स्वतः वाचतो.

तरीही पोराचा चेंडूवरचा पहिला टच डोळ्यांदेखत सुधारताना जे मिळायचं, ते या कामात नाही. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून उतरला, तेव्हा माझ्यातला जुना कोच म्हणाला, बघ, असे खेळाडू मैदानात घडतात. मी त्याला म्हटलं, त्याच्या मागे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी होती. राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळ्याची सोय कुणीतरी टेबलावर बसूनच केली होती. हे भांडण अजून मिटलेलं नाही. पोरं सकाळी माझ्याकडे येत नाहीत, नव्या कोचकडे जातात, आणि ते मला लागतं.

त्या कोचचं मानधन वाढवायचा प्रस्ताव मागच्या बैठकीत बाजूला पडला. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा ठेवणार आहे. मी तिथे नसतो तर तो कुणी ठेवला असता, हे आता तुम्ही सांगा.