ढोलवाल्याचा बॉक्स

गाडीत बेस मनासारखा वाजत नसला की लोक आधी अ‍ॅम्प बदलतात, मग वूफर (बेसचा मोठा स्पीकर) बदलतात आणि तो ज्यात बसतो त्या बॉक्सकडे सगळ्यात शेवटी बघतात. त्या शनिवारी आमच्या वर्कशॉपवर आलेल्या पोराचं हे सगळं करून झालं होतं. १२ इंची वूफर चांगला होता, अ‍ॅम्पही पुरेसा ताकदीचा. दुसरीकडून बनवून आणलेला बॉक्स डिकीत होता.

"काका, आवाज भरपूर आहे. पण थापी आणि टिपरू सुटं ऐकू येत नाही. एक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळतो," तो म्हणाला. पोरगा पुण्यातल्या ढोलपथकात वाजवतो. थापी म्हणजे ढोलावर हाताने मारलेली थाप, टिपरू म्हणजे काठीचा ठोका. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रात तासन्‌तास सराव करणाऱ्याचा कान असा तयार होतो. बहुतेक गिऱ्हाईक "बेस वाढवा" एवढंच सांगतं, याने नेमकं दुखणं सांगितलं. मला तिथेच तो आवडला.

गाणं लावलं. कुठलाही ठेका असो, एकाच सुरातलं 'धूंऽऽ' येत होतं. वूफर काढला आणि आतून टेप लावला. पोर्टचा (बॉक्समधली हवा आत-बाहेर करायच्या तोंडाचा) पाइप आणि मॅग्नेट वजा जाता आत ३४ लिटर हवा. पोर्ट म्हणजे १० सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, लांबी १५ सेंटिमीटर. हिशोब केला तर ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स आणि पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते तो सूर, ५६ हर्ट्झच्या आसपास आलं.

पण नुसत्या आकड्याने गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. वूफर परत बसवून अ‍ॅम्पच्या वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घातला, वूफरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला आणि मोबाइलमधल्या टोन जनरेटरवरून २० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर जायला सांगितलं. आकडे तोच वाचत होता. व्होल्टेज चढलं, मग उतरायला लागलं, ५६ला तळाला गेलं आणि परत चढलं. दोन टेकाडांमधला तो खड्डा म्हणजे बॉक्सचं ट्यूनिंग.

मग रेझिस्टर काढला, बॉक्स उताणा ठेवला आणि कोनवर (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर) चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला. ४० हर्ट्झला भुसा उडून माझ्या शर्टावर आला. त्याच आवाजाला ५६ लावले तर कोन जवळपास स्थिर, भुसा जागच्या जागी, आणि पोर्टच्या तोंडाशी हात धरला तर वारा लागत होता. पोरगा हात आत-बाहेर करत राहिला. "म्हणजे आत्ता वाजतोय तो पाइप?" हो, पाइपच.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की जो सूर निघतो, तेच हे. पाइपातली हवा वजनाचं काम करते आणि बॉक्समधली हवा स्प्रिंगचं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने याचा अभ्यास केला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ मध्ये आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल याने स्पीकर आणि बॉक्स यांचं गणित बसवून दिलं. वूफरच्या खोक्यात जो कागद येतो, त्यावरचे वूफरचा स्वभाव सांगणारे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे त्यांचेच. तो कागद लोक खोक्यासकट भंगारात घालतात, याचं मला फार वाईट वाटतं. पोराने मात्र जपून ठेवला होता. त्यावर पोर्टेड बॉक्ससाठी ५० लिटर असं स्पष्ट छापलेलं.

छोटा बॉक्स आणि वरचं ट्यूनिंग असलं की ५०-६० हर्ट्झला आवाज फुगतो आणि तिथेच लांबतो. दुकानात उभ्या-उभ्या ऐकवायला असा बॉक्स भारी वाटतो, पण ढोलाचा दणका नेमका त्याच पट्ट्यात चिकटतो. शिवाय काचा लावलेली छोटी गाडी खालचे सूर आपणहून उचलून देते. म्हणून मी ट्यूनिंग ३४ हर्ट्झला घ्यायचं ठरवलं. लांबण तिथेही राहते, पण त्या पट्ट्यात बहुतेक संगीतात फारसं काही नसतं.

खरी कसरत पोर्टची. लहान तोंडाच्या पोर्टमधून हवा जोरात ये-जा करते आणि फसफस ऐकू येते. १२ इंचीला मला किमान १६० चौरस सेंटिमीटर तोंड हवं होतं, म्हणून ५ बाय ३२ सेंटिमीटरची उभी फट घेतली. पण तोंड मोठं केलं की त्याच ट्यूनिंगला लांबीही वाढते. हिशोबाने ७२ सेंटिमीटर आली. एका बाजूने आत जाऊन मागच्या भिंतीला वळलेला एल आकार केला. या पोर्टनेच फळीसकट १५ लिटर जागा खाल्ली. त्यात वूफर आणि आतला आधार मिळवला तेव्हा ५० लिटर हवेसाठी आतून ६९ लिटरचा बॉक्स लागला. घोळ बहुतेक इथेच होतो: बाहेरून माप घेऊन लोक ५० लिटर धरतात.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा एमडीएफ आणला. सांध्याला फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून सिलिकॉन, पोर्टच्या दोन्ही तोंडांच्या कडा लाकूड कोरायच्या राउटर मशीनने गोल. पोरगा संध्याकाळपर्यंत फळ्या धरायला थांबला होता.

रविवारी सगळं सुकल्यावर परत मल्टिमीटर लावला. खड्डा ३३ला आला. फटीला बॉक्सच्याच भिंती लागून असल्या की ती हिशोबापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते, त्यामुळे एक हर्ट्झ खाली येणं अपेक्षितच होतं.

मग मी अ‍ॅम्पचा अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर २८ला लावला. पोराने विचारलं, "तो कशाला? खालचा बेस जाईल ना?" इथे मी कुणाचं ऐकत नाही. ट्यूनिंगच्या खाली पोर्टची हवा कोनला रोखून धरत नाही, कोन मोकाट सुटतो आणि कॉइल आपटून वूफर जातो. बॉक्सच्या पाठीवर मार्करने लिहून दिलं: ५० लिटर, ३३ हर्ट्झ, फिल्टर २८.

त्याने मोबाइलवर त्याच्याच पथकाचं सरावाचं रेकॉर्डिंग लावलं. पहिला हात (ढोलाचा पहिला ठेका) सुरू झाला तशी त्याची बोटं मांडीवर चालायला लागली. थापी खाली, टिपरू वर, दोन्ही वेगळी. थोड्या वेळाने त्याने स्वतःहून आवाज दोन घरं कमी केला. मला सगळ्यात मोठी पावती तीच वाटली, कारण स्पष्ट ऐकू येत असलं की कुणी आवाज वाढवत नाही.

मग ताशाच्या मागून काहीतरी खडखडलं. मागची नंबर प्लेट. डिकीच्या झाकणाचा पत्राही वाजत होता. प्लेटच्या मागे फोम चिकटवून दिला, पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावायचं काम पुढच्या रविवारी ठेवलंय.