मीटरनं पास केला, बल्बनं नापास

गंगाखेडकडचे एक निवृत्त गुरुजी नातवाला घेऊन परभणीला माझ्या दुकानात आले. खताच्या रिकाम्या गोणीत व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुना रेडिओ आणि भंगारातून उचललेले तीन ट्रान्सफॉर्मर. सेटचा मूळचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, लाइनवरून सगळ्या सेटला व्होल्ट देणारा, कुणीतरी काढून नेलेला. "ह्यातला कोणता बसतो, तेवढं बघा."

नातू पॉलिटेक्निकला. घरीच मीटर लावून त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: 'चांगला', 'खराब', 'लहान पॉवर'.

तो 'लहान पॉवर'वाला मी आधी बाजूला काढला. त्यात ई आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूला, आय आकाराच्या दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागदाची बारीक रेघ. ही फट आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे स्पीकरला जोडायच्या ट्रान्सफॉर्मरची खूण. त्यातून डीसी वाहतो, गाभा चुंबकत्वानं भरून जाऊ नये म्हणून ती ठेवतात. पॉवरवाल्यात पट्ट्या एकीआड एक उलटसुलट घातलेल्या असतात.

सेटमधले व्हॉल्व्ह ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) ईझेड ८०. सगळ्यांचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) ६.३ व्होल्टचे, मिळून सव्वादोन अँपिअरच्या आत. रेक्टिफायर ५वाय३ असता तर ५ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग (गुंडाळी) शोधावं लागलं असतं. उरलेल्या दोन्हींत ६.३ होतं आणि हाय टेन्शनला, म्हणजे जास्त व्होल्टच्या गुंडाळीला, सेंटर टॅपही (मधोमध काढलेली तार) होता.

'खराब' का, विचारलं. "काका, टॅपपासून एकीकडं १६८ ओहम, दुसरीकडं १९१. सारखे नको का?"

नकोत. दोन्हीकडं वेढे तेवढेच. पण दुसरा अर्धा पहिल्याच्या वरून गुंडाळलेला, म्हणून प्रत्येक वेढा मोठा, तार जास्त, ओहम जास्त. व्होल्टेज वेढ्यांवर ठरतं, तारेच्या लांबीवर नाही.

'खराब'च आधी सिरीज बोर्डावर घेतला. त्यात लाइन बल्बातून ट्रान्सफॉर्मरला जाते, आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो. ६० वॅटचा बल्ब लावला. (पिवळा, तारेचाच लागतो. एलईडी इथं बिनकामाचा, आणि हा मागितला तर हल्ली दुकानदार तोंडाकडं बघतो.) सेकंडरीच्या (बाहेर व्होल्ट देणाऱ्या गुंडाळ्यांच्या) तारा सगळ्या सुट्या, एकमेकींपासून लांब, हाय टेन्शनच्या दोन टोकांत पाचशेच्या वर व्होल्ट येतात, म्हणून पोराला हात मागं घ्यायला लावले. बटण दाबलं. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. टॅपच्या दोन्ही बाजूंना २७१ आणि २७० व्होल्ट. हीटरला ६.९, म्हणजे लोड नसताना बरोबर.

मग 'चांगला' लावला. सेकंडरी तशीच मोकळी, आणि बल्ब भगभगून पेटला तो पेटलेलाच. मिनिटभरात वार्निशचा वास. हजारो वेढ्यांतले एकदोन आतल्या आत चिकटले, तर ओहममध्ये फरक इतका किरकोळ की मीटरला तो कळत नाही. पण एसी आला की तोच वेढा बंद कडं होतो, त्यातून भरमसाट करंट फिरतो आणि गुंडाळी भाजून निघते.

पोरगं गप. मग त्यानं स्वतःच चिठ्ठ्या अदलाबदल केल्या.

सिरीजचा बल्ब काढून आधीचा 'खराब' थेट लाइनवर घेतला, हीटरला जुन्या मोटारसायकलचा ६ व्होल्ट १५ वॅटचा बल्ब जोडला. व्होल्टेज ६.४ वर उतरलं. तासाभरानं लाइन काढून गाभ्याला हात लावला: कोमट.

"बसवा हाच," गुरुजी म्हणाले. शॉर्टवाला हातात तोलत विचारलं, "ह्याच्यातलं तांबं किती भरंल हो?"