आमची वाटचाल : लेस्टरच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि आमची छोटी संस्था

इंग्लंडमधील लेस्टर शहरात १९९० च्या दशकात आम्ही दोघींनी सुरू केलेली ही संस्था आजही एकाच कामावर चालते. व्हिक्टोरियन काळातील व्यापारी डिरेक्टऱ्यांमधून, म्हणजे गावोगावच्या रहिवाशांची आणि व्यापाऱ्यांची नावे, धंदे व पत्ते देणाऱ्या छापील पुस्तकांमधून, लोकांचे पूर्वज, त्यांची दुकाने, त्यांची घरे आणि त्यांच्या गल्ल्या आम्ही शोधून देतो. मी पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकून लग्नानंतर येथे आले होते, आणि माझ्या भागीदार बाई सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून निवृत्त झाल्या होत्या. शेफिल्डचा प्रकाशक विल्यम व्हाइट याने १८४६ साली काढलेली लेस्टरशायर आणि रटलंड या परगण्यांची डिरेक्टरी त्यांना इतकी परिचयाची होती, की एखाद्या गावाचे नाव काढले की तेथील लोहार कोण होता आणि मालवाहू गाडीवाला कोणत्या वारी शहरातल्या कोणत्या खाणावळीत उतरत असे, हे त्या पुस्तक न उघडता सांगत. या व्यवसायातले मला जे काही येते ते त्यांच्यामुळे, आणि हे लिहिण्याचे पहिले कारण तेच आहे.

आमची साधने साधी होती. जाड पुस्तकाचा कणा मोडू नये म्हणून खाली ठेवायच्या स्पंजच्या उशा, पान दाबून धरणाऱ्या शिशाच्या माळा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, केवळ पेन्सिल, आणि पाच बाय तीन इंचांची कार्डे. याच्या जोडीला एका मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे नकाशे असत. शहराच्या डिरेक्टरीत प्रतिष्ठित रहिवाशांची यादी, व्यापाऱ्यांची अकारविल्हे यादी, धंद्यांप्रमाणे यादी आणि रस्त्यांप्रमाणे यादी अशा चार याद्या असत. बहुतेक संशोधक अकारविल्हे यादीत नाव पाहून पुस्तक मिटतात. आम्ही मात्र रस्त्यांच्या यादीवर भर दिला, कारण तिच्यात घरक्रमांकांच्या मध्येच अमुक गल्ली येथे मिळते अशी ओळ छापलेली असते. नगरपालिकेने घरांचे क्रमांक बदलले तरी तो कोपरा जागचा हलत नाही, म्हणून त्याच्या आधाराने जुने आणि नवे क्रमांक जुळवता येतात. एकेका रस्त्याची अशी जुळणी करून, आवृत्त्यांमागून आवृत्त्या पडताळून, आम्ही कार्डांची सूची तयार केली आणि तिच्या पुस्तिका छापून विकल्या. ती वर्षे बरी गेली.

मग दुसऱ्या शहरातील एका मोठ्या प्रतिस्पर्ध्याने आमच्या पुस्तिकांचा पूर्ण संच विकत घेतला आणि काही महिन्यांत लेस्टरच्या रस्त्यांची सूची असलेली सीडी बाजारात आणली. जुन्या डिरेक्टऱ्यांवर कोणाचाच हक्क उरलेला नाही, तेव्हा त्यांनी मूळ पुस्तकांवरून सूची केली असती तर आमची काहीही तक्रार नव्हती. परंतु बदललेल्या घरक्रमांकांविषयी आम्ही चौकटी कंसात दिलेल्या टिपा, ज्या कोणत्याही डिरेक्टरीत छापलेल्या नाहीत, त्या त्यांच्या सीडीत आमच्याच शब्दांत होत्या. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९८ पासून माहितीसंचावरील हक्काचा कायदा लागू आहे आणि आमची बाजू भक्कम आहे, असे वकिलांनी सांगितले. पण न्यायालयात जाण्याचा जो खर्च त्यांनी सांगितला, तो आमच्या संस्थेची सगळी मालमत्ता विकूनही भागला नसता. सीडीची किंमत आमच्या दोन पुस्तिकांपेक्षा कमी होती. पुस्तिका खपेनाशा झाल्या, बँकेने कर्ज नाकारले, अर्धवेळ मदतनीस मुलीला निरोप द्यावा लागला, आणि भागीदार बाईंनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून वर्षभर भाडे भरले. ही गोष्ट मी विसरलेले नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

बाई मला या काळात फ्रेडरिक केलीचा इतिहास ऐकवत. लंडनच्या टपाल खात्यात पत्रवाहकांचा निरीक्षक असताना केलीने १८३० च्या दशकात पोस्ट ऑफिस डिरेक्टरी हाती घेतली आणि माहिती गोळा करण्यासाठी खात्याच्याच पत्रवाहकांना दारोदार पाठवले. स्वतःची माणसे पगारावर ठेवणारे छोटे प्रकाशक त्याच्यापुढे टिकणार कसे? तक्रारी झाल्या, ती पद्धत १८४० च्या दशकात थांबली, पण तोवर केलीचा जम बसला होता. पुढे १८९२ मध्ये मँचेस्टरच्या स्लेटर या डिरेक्टरी-प्रकाशकाचा व्यवसायही त्याच्या कंपनीने घेतला. केलीच्या डिरेक्टऱ्या मी रोज वापरते आणि त्यांच्या उपयुक्ततेविषयी मला आदर आहे, तरी माझी ओढ व्हाइटकडेच राहिली आहे.

त्या पडत्या काळात कॅनडातील एक ग्राहक आमच्यापासून हलले नाहीत. त्यांचे पणजोबा बेलग्रेव्ह गेट या रस्त्यावर बूट तयार करत, आणि १८८१ च्या जनगणनेनंतर बायकामुलांना सोडून पळून गेले, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत होती. सीडीत लेस्टर शहराखाली त्यांचे नाव खरोखरच पुढे सापडत नव्हते. बेलग्रेव्ह हे त्या वेळी शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते आणि १८९१ च्या विस्तार कायद्याने ते शहरात आले. त्यामुळे १८८० च्या दशकातील बेलग्रेव्ह शहराच्या यादीत नव्हे, तर परगण्याच्या विभागात गावांच्या क्रमाने शोधावे लागते. तेथे हे गृहस्थ त्याच धंद्यासह, जुन्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वर्षानुवर्षे नोंदलेले होते. पुढच्या एका आवृत्तीत त्याच पत्त्यावर त्यांच्या जागी पत्नीचे नाव मिसेस लावून आले, तेव्हा मृत्युनोंद कोणत्या वर्षांत शोधायची हे कळले आणि ती मिळाली. एका कुटुंबाने निर्दोष माणसाला शतकभर दिलेला दोष त्या दिवशी उतरला. या ग्राहकांनी नंतर आपल्या सगळ्या शाखांचे काम आमच्याकडे दिले आणि दर वेळी आगाऊ पैसे पाठवले.

संस्था खऱ्या अर्थाने सावरली ती मात्र वेगळ्याच कामाने. दूषित जमिनींविषयीची कायदेशीर व्यवस्था इंग्लंडमध्ये २००० साली लागू झाल्यावर, जागेवर पूर्वी कोणते कारखाने होते हे विकासकांच्या सल्लागारांना जाणून घ्यावे लागू लागले. रंगारी, कातडी कमावणारे, धातूला मुलामा देणारे यांचे पत्ते धंद्यांच्या यादीत असतात, नकाशावर मात्र नुसते ‘कारखाना’ एवढेच लिहिलेले असते. क्रमांकांच्या जुळणीची आमची कार्डे येथे उपयोगी पडली, आणि ज्या टिपा आमच्याकडून उचलल्या गेल्या त्यांच्यामागचे पुरावे फक्त आमच्याकडे होते.

मराठी वाचकांपैकी कोणी हे काम करू पाहत असेल तर थोडे सांगते. डिरेक्टरीवर छापलेल्या वर्षाच्या बरेच महिने आधी माहिती गोळा झालेली असते, म्हणून १८७७ ची नोंद १८७६ ची धरून चालावे. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असे समजू नये. मजूर, नोकर आणि भाडेकरू बहुधा वगळले जात. संगणकाच्या शोधावर विसंबू नये, कारण विल्यम किंवा थॉमस ही नावे तेथे दोन-चार अक्षरांत आखडून छापलेली असतात. मुंबईसाठी टाइम्स ऑफ इंडियाच्या डिरेक्टऱ्या आणि १८८५ पासून सगळ्या भारताला व्यापणारी थॅकरची डिरेक्टरी पाहावी. तिच्यात युरोपीय रहिवाशांचा भरणा असला, तरी सरकारी खात्यांच्या आणि पेढ्यांच्या याद्यांत आपली माणसेही भेटतात.

सध्या आमच्याकडे दोन महायुद्धांमधल्या काळाची मागणी सर्वाधिक आहे, कारण इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली आणि १९२१ ते १९३९ मधली घरे बऱ्याच अंशी डिरेक्टऱ्यांवरून भरून काढावी लागतात. त्या वर्षांची रस्त्यांची सूची आम्ही आता तयार करत आहोत. ती छापून विकणार नाही. प्रत्येक उत्तर ग्राहकाच्या नावाने, मूळ पानाच्या छायाचित्रासह आणि आमच्या सहीनिशी जाईल.