द्वानवूचा पानात बांधलेला भात

चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे द्वानवू, नौकांच्या शर्यतींचा सण. बहुधा जूनमध्ये येतो. त्या दिवशीचा पदार्थ त्सोंगत्स. चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचा. बांबूची सुकी पानं 10 मिनिटं उकळायची, नाहीतर दुमडताना चिरतात. दोन पानं एकमेकांवर सरकवून द्रोण करायचा. टोकाला भोक राहिलं की तांदूळ गळलाच. पाऊण भरा, कारण दाणा फुगतो. दोरा फार आवळला तर मधला भात कच्चा, सैल राहिला तर सगळा गिचका. पूर्ण पाण्याखाली दोन तास शिजवा, वरून घालायचं पाणी उकळतंच हवं. उत्तरेत आत लाल सुकी बोरं, दक्षिणेत डुकराचं मांस आणि बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक. आमचं मत दक्षिणेला.