तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याच्या हवेत बेटावरचा बोआ

"गोव्याची हवा उबदार, दमट. मग बेटावरच्या बोआसाठी, म्हणजे पाळलेल्या बिनविषारी विदेशी सापासाठी, वेगळं काही करायला नको ना?" पावसाळा जवळ आला की हा प्रश्न येतोच. ऊब आणि ओल इथे फुकट आहे. खेळती हवा आणि पैदाशीला लागणारी थंड रात्र मात्र खटपट करून मिळवावी लागते.

हॉग आयलंड बोआच घ्या. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा हा ठेंगणा बोआ. मादीसुद्धा पाच-सहा फुटांपलीकडे सहसा जात नाही. व्यापारासाठी तो इतका पकडला गेला की १९८०च्या दशकात बेटं जवळपास रिकामी झाली. आता मुख्य भूमीवरच्या बोआशी संकर केलेली पिल्लंही याच नावानं खपतात. वंशाची नोंद नसेल तर साप खुशाल पाळा, जोडी लावू नका.

कागदपत्रं आधी. बोआ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लं झाली की तीही कळवायची. जमैकन बोआसारख्या साइट्सच्या परिशिष्ट १ मधल्या जातींच्या पैदाशीला वेगळा परवाना. आणि कुळागरात सापडलेलं मांडूळ 'हाही बोआच' म्हणून घरी आणलंत तर तो गुन्हा.

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद. उबदार टोक ३१-३२ अंश, दुसरं २६; हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. हवेसाठी एका बाजूला तळाशी आणि समोरच्या बाजूला वर भोकांच्या रांगा पाडा, म्हणजे कोंदटपणा राहत नाही. आर्द्रता ६०-७० टक्के पुरते. जुलैत खोलीतच नव्वद असते, तेव्हा काथ्याचा भुसा काढून वर्तमानपत्र घालायचं, ओलं झालं की लगेच बदलायचं आणि पाण्याचं भांडं लहान करून थंड टोकाला न्यायचं. आठवड्यातून एकदा साप उलटून पोट बघा. खवल्यांच्या कडा तांबूस-तपकिरी दिसल्या तर सडायला सुरुवात झालीय. पाण्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर त्या पिसवा नव्हेत, माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे आहेत. बोआंचा आयबीडी हा असाध्य विषाणूजन्य रोग त्यांच्यामार्फत पसरू शकतो. म्हणून नवा साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत.

प्रौढ सापाला तीन-चार आठवड्यांनी एक उंदीर, सापाच्या जाडीएवढाच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये विरघळवून मग कोमट पाण्यात गरम करायचा. भक्ष्य ओकलं तर बहुधा ते मोठं होतं, पेटी थंड होती किंवा खाल्ल्यावर साप हाताळला गेला. दोन आठवडे काही देऊ नका, मग निम्म्या आकाराचं द्या.

मादी चार वर्षांची झाली की नोव्हेंबरपासून खाणं बंद करा. पोट रिकामं झालं की सहा-आठ आठवडे रात्रीचा हीटर बंद, दिवसाची ऊब चालू. डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेवली की पारा २१च्या आसपास उतरतो. बंद फ्लॅटमध्ये उतरत नाही, आणि मग 'नर लक्षच देत नाही' अशी तक्रार येते. नर काही दिवस आत, मग बाहेर, असं आलटून पालटून. अंडोत्सर्गाच्या वेळी मादीचं मधलं अंग दिवसभर असं फुगतं, जणू नुकताच उंदीर गिळलाय. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. ती तारीख लिहून ठेवा. तिथून साधारण १०५ ते ११० दिवसांनी जिवंत पिल्लं होतात. या काळात ऊब कमी पडली तर पिल्लं मेलेली किंवा अर्धवट वाढलेली निघू शकतात.

हिशेब केलात तर पिल्लं नेमकी जून-जुलैत येतात, ऐन कुंद हवेत. प्रत्येकाला वेगळा डबा, खाली टिश्यू. पहिली कात टाकल्यावर केस फुटू लागलेलं उंदराचं पिल्लू द्यायचं. सॉलोमन बेटांच्या कँडोइया बोआची पिल्लं मात्र पेन्सिलीहून बारीक, आणि त्यांना हवी असते पाल. तिथे उंदराचं नवजात पिल्लू धुऊन पालीच्या कातेवर घासायचं आणि अंधार पडल्यावर चिमट्यानं डब्यात ठेवून निघून जायचं. उभं राहून बघत बसलात तर ती खात नाहीत.