लाइम म्हणजे नक्की काय हो?

गच्चीवरच्या कागदी लिंबाला मी अक्षरशः चुना लावलाय. झालं असं की इंग्लिशमध्ये लिंबूही लाइम आणि चुनाही लाइम; एका इंग्लिश व्हिडिओत बाई म्हणाली मातीत लाइम घाला, मला वाटलं वा, स्वस्तातलं काम, आणि कुंडीत दोन चमचे चुना टाकून मोकळा झालो. पंधरा दिवसांत नवी पानं पिवळी, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या! लोह कमी पडलं की असंच दिसतं. चुन्याने मातीचा पीएच वाढतो, म्हणजे तिचा आम्लपणा कमी होतो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना चालतो, पण माझ्या कुंडीत देशावरची काळी माती, तिच्यात चुनखडी आधीच भरपूर!

बरं, चुना अगदीच टाकाऊ नाही हं, 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी अशी बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लिंबाच्या खोडाला लावतातच की.

आणि गंमत म्हणजे लंडनच्या रस्त्यांवरच्या लाइम ट्रीला लिंबं लागतच नाहीत, ते लिंडनचं झाड, फुलांचा चहा करतात त्याच्या. आपलं बरंय, लिंबू ते लिंबू, चुना तो चुना. आता कुंडीतली माती बदलतोय.